सत्ता कोणाची आणि अधिकार कोणाचा? १८७५ च्या बडोद्यावरून पडलेला प्रश्न

सुरसागर

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीवर मला बोलायचे आहे. टिपण लिहिताना एका वाक्यावर चार दिवस अडलो आहे. आधी मी लिहिले, 'इंग्रज सरकारने आपल्या अधिकारात मल्हाररावांना गादीवरून दूर केले.' मग 'आपल्या अधिकारात' हे शब्द खोडून 'सत्तेच्या जोरावर' असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी तेही खोडले. या दोहोंपैकी एकही शब्द त्या घटनेला नेमका बसत नाही. तो का बसत नाही, हे मला या चर्चामंचावरील जाणत्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

घटना थोडक्यात अशी आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा संशय आला आणि आळ मल्हाररावांवर गेला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी सहा जणांचे चौकशी मंडळ नेमले. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी होते, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. मंडळाचे मत मधोमध दुभंगले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले आणि तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. सरकारने हा सारा निकाल बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून महाराजांना गादीवरून काढून मद्रासेला पाठवले. कारभार सुधारण्यासाठी त्यांना १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिलेली होती आणि ती संपायला आठ महिने बाकी होते.

माझे मत असे की सरकारकडे सत्ता होती. अधिकार असता तर कारण बदलण्याची वेळ आली नसती. पण मग निव्वळ सत्तेवर भागत होते, तर चौकशी मंडळ नेमले कशासाठी आणि त्यात हिंदी राजे बसवले कशासाठी? शिवाय याच कृतीमुळे २७ मे १८७५ रोजी मल्हाररावांचे दिवंगत बंधू खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांच्या मांडीवर कवळाण्याचे गोपाळराव दत्तक आले आणि त्यांचे सयाजीराव झाले. ज्या गादीला आपण सारे बडोदेकर हात जोडतो, ती गादी जर अधिकाराविना झालेल्या कृतीतून आली असेल, तर तिच्या अधिकाराचे काय?

तर्ककठोर

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो फरकच मुळात टिकत नाही असे मला वाटते. अधिकार म्हणजे जुनी झालेली सत्ता, दुसरे काही नाही. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले ते तलवारीने आले. चार पिढ्या गेल्या, गादीवर छत्र आले, पुढे भालदार-चोपदार आले, आणि लोक त्याला अधिकार म्हणू लागले. इंग्रजांनी १८७५ साली जे केले ते ताजे होते म्हणून आपल्याला टोचते. तेच शंभर वर्षे टिकले असते, तर आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते कायदेशीर म्हणून शिकवले गेले असते.

शब्दवेडा

तर्ककठोर यांना उत्तर देण्याआधी आपल्या भाषेनेच या दोन गोष्टी कशा वेगळ्या ठेवल्या आहेत ते पाहावे. 'सत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'असणे' एवढाच आहे. जे आहे ते आहे, त्याला कोणाची संमती लागत नाही. 'अधिकार' हा शब्द मात्र आपण कितीतरी ठिकाणी पात्रतेच्या अर्थाने वापरतो. 'ख्याल गायकीत त्यांचा अधिकार मोठा' असे म्हणताना त्या गवयाकडे फौजफाटा आहे असे कोणी समजत नाही. वारकरी परंपरेत एखादा 'अधिकारी पुरुष' असतो तो त्याच्या साधनेमुळे. 'अधिकारवाणी' हा शब्द आहे, पण 'सत्तावाणी' असा शब्द मराठी माणसाने कधी घडवला नाही. हिंदीत 'अधिकार' म्हणजे हक्क, आणि बडोद्यात मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जात असल्यामुळे आपल्याकडे घोळ होतो. ज्याला हक्क म्हणायचे त्याला हक्कच म्हणावे. राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याच भेदासाठी 'अधिसत्ता' आणि 'अधिमान्यता' हे शब्द रूढ आहेत, ते मला थोडे जड वाटतात, पण त्यांत 'मान्यता' हा शब्द आहे याकडे लक्ष वेधतो. मान्यता देणारा दुसरा कोणीतरी असावा लागतो.

लष्करकर

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारा, त्यामुळे महादजी शिंद्यांशिवाय माझे पान हलत नाही. तर्ककठोर यांचे म्हणणे खरे मानले, तर महादजींचे वागणे मला समजावून सांगावे.

१७८४ साली उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या तोडीची फौज जवळपास कोणाकडेही नव्हती. बादशहा शाह आलम याच्याकडे तर नाव घेण्यासारखे सैन्यच उरले नव्हते. दिल्लीपासून पालमपर्यंतचे त्याचे राज्य, अशी म्हण लोकांच्या तोंडी होती. तरीही महादजींनी त्याच बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले, आणि तेही पेशव्यांच्या नावे घेतले, स्वतः त्यांचे नायब राहिले. बलवानाने दुर्बळाकडे जाऊन सनद मागावी, हे का? कारण जाट, राजपूत, अफगाण, मोगल सरदार, सगळे दिल्लीच्या शिक्क्याला ओळखत होते आणि शिंद्यांच्या तलवारीला फक्त भीत होते. तलवार जिथे उभी असते तेवढ्यापुरता सारा वसूल होतो. शिक्क्याचा कागद दहा कोस पुढे जाऊन वसूल करतो. जी फौज प्रत्येक गावी उभी ठेवावी लागते तिचा खर्च कोणत्याही राज्याला परवडत नाही, आणि महादजी हे जमाखर्च पुरते ओळखून होते.

उलट बाजूही पाहावी. १७८८ साली गुलाम कादिर दिल्लीच्या किल्ल्यात शिरला. त्याने बादशहाचे डोळे काढले, दुसराच एक शाहजादा तख्तावर बसवला. त्या दिवसांत किल्ल्यात त्याच्याइतकी सत्ता कोणाकडे होती? पण त्याच्या तख्ताला मान द्यायला कोणी पुढे आले नाही, आणि महादजींच्या फौजा येताच त्याचे सारे संपले. आंधळा शाह आलम पुन्हा तख्तावर बसला आणि त्याच्या नावाचे शिक्के पुढेही पडत राहिले.

१७९२ साली महादजी पुण्यास गेले तेव्हा सवाई माधवरावांसमोर त्यांनी स्वतःला पाटील म्हणवून घेतले आणि पेशव्यांचे जोडे आपल्या हाती घेतले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. काही जण त्याला नाटक म्हणतात. मला त्यात एक जाण दिसते: आपल्या हाती आलेली सत्ता कोणाच्या तरी वतीने आहे, हे चारचौघांत दाखवल्याशिवाय ती पचत नाही.

तर्ककठोर

महादजींचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. शिक्क्याला मान होता तो अकबर-औरंगजेबाच्या तलवारीमुळे. म्हणजे पुन्हा जुनी सत्ताच.

लष्करकर

मग औरंगजेबाच्या वंशातील आंधळ्या माणसाचा शिक्का चालतो आणि त्याच किल्ल्यात हातात तलवार असलेल्याचा चालत नाही, हे कसे? जुन्या सत्तेची केवळ आठवण असती, तर ती ताज्या सत्तेपुढे फिकी पडायला हवी होती.

फळा आणि खडू

मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे पुस्तकी लिहिले तर समजून घ्यावे. माक्स वेबर यांनी १९१९ साली म्युनिचमध्ये दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानात सत्ता अधिमान्य ठरण्याचे तीन आधार सांगितले. पहिला परंपरेचा, म्हणजे 'पूर्वापार असेच चालत आले आहे' हा. दुसरा व्यक्तीच्या असामान्य तेजाचा. आणि तिसरा नियमांचा व कायद्याचा. तर्ककठोर यांचे म्हणणे पहिल्या आधारापुरते बरेचसे बरोबर आहे. पण परंपरेला वेळ पुरेसा असता, तर १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करून घेण्याची गरज का पडली? किल्ले होते, आरमार होते, खजिना होता. तरीही अनेक मराठे सरदार स्वतःला त्यांच्या बरोबरीचे समजत होते आणि मोगल दरबार त्यांना जमीनदारापलीकडे मोजत नव्हता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर त्यांच्या सत्तेत एका शिपायाचीही भर पडली नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांची आज्ञा ही छत्रपतींची आज्ञा झाली.

वर्गात मी हा फरक दोन साध्या मराठी वाक्यांनी सांगते. रस्त्यात कोणी सुरा दाखवला तर आपण म्हणतो, 'मला पैसे देणे भाग पडले.' दुकानदाराची उधारी असेल तर म्हणतो, 'मी त्याचे पैसे देणे लागतो.' दुकानदार गावाला गेला तरी देणे लागतेच. सुरेवाला वळणावरून दिसेनासा झाला की आपण त्याचे काही देणे लागत नाही. इंग्रज विधिज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी हीच तफावत विसाव्या शतकात मोठ्या काटेकोरपणे मांडली, पण आपल्या घरांत ती आधीपासून बोलली जात होती.

सुरसागर यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: इंग्रजांनी मंडळ नेमले, कारण हिंदुस्थानातल्या इतर संस्थानिकांनी महाराजांना काढणे 'भाग पडले' म्हणून सोसू नये, 'योग्य झाले' म्हणून मानावे, ही त्यांची इच्छा होती. शिंदे आणि जयपूरकर हे त्यासाठीच बसवले होते. त्यांनी मान्यता दिली नाही, आणि मग सरकारपाशी सत्ता तेवढी उरली.

जुनी इंदूरकर

अहिल्याबाईंचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे नवल वाटले. १७६६ साली मल्हारराव होळकर गेले आणि पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून गंगाधर यशवंत चंद्रचूड या कारभाऱ्याने एखादे मूल दत्तक घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे कारभार त्याच्या हाती राहिला असता, आणि राघोबादादांना माळव्यात येण्यास उत्तेजन दिले. दादांची फौज मोठी होती. बाईंनी दत्तक नाकारला, लढण्याची तयारी ठेवली, इतर सरदारांना आणि पुण्याला लिहिले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि दादांना परतावे लागले.

पण मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी पुढच्या अठ्ठावीस वर्षांतल्या आहेत. एक, त्यांचे हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. राज्य शंकराचे आणि आपण त्याचा कारभार पाहणाऱ्या, हा त्यामागचा भाव. त्यात भक्ती तर होतीच, पण स्वतःच्या इच्छेला घातलेली वेसणही होती. दुसरी, खासगी म्हणजे घरची मिळकत आणि दौलत म्हणजे राज्याचा खजिना, यांचे हिशेब वेगळे होते. काशी, गया, सोमनाथ येथली देवळे आणि घाट बांधताना बाईंनी खर्च केला तो खासगीतला. महेश्वरला ज्यांच्या हातात साऱ्या राज्याच्या किल्ल्या होत्या त्यांनी कोणत्या पेटीला हात लावायचा नाही हे स्वतः ठरवावे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला जे वजन आले ते फौजेने येत नाही. इंदुरात आजही लोक 'माँ साहेब' म्हणतात आणि उरलेले होळकर आकड्यांनी, पहिले-दुसरे-तिसरे असे, मोजतात.

मांडवीची लेक

हे सारे वाचताना मला आमच्याच एका गणेशोत्सव मंडळाची आठवण झाली, मंडळाचे नाव सांगत नाही. राजकारणाच्या धाग्यात हे लहान वाटेल, पण मला सत्ता आणि अधिकार यांचा फरक तिथेच कळला.

मंडळाच्या अध्यक्षांकडे कार्यालयाची किल्ली होती, पावतीपुस्तके होती आणि बँकेत सही होती. निवडणूक रीतसर झाली होती. तीन वर्षे वार्षिक सभेत हिशेब वाचला गेला नाही. विचारले की 'ताळेबंद लेखापरीक्षकाकडे आहे' असे उत्तर येई. कोणी भांडले नाही, कोणी राजीनामा मागितला नाही. फक्त चौथ्या वर्षी वर्गणी निम्म्यावर आली. कार्यकर्ते दार वाजवत, लोक चहा देत आणि अकरा रुपयांची पावती फाडत. त्याच वेळी आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या मंडळात कोणत्याही पदावर नव्हत्या, त्यांनी विसर्जनाच्या दिवशी मुलांना सांगितले की रुग्णालयासमोर ताशा थांबवायचा. शंभर मुलांचे पथक होते. ताशा थांबला. त्याआधी अध्यक्षांनी तेच ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगितले होते.

निवृत्त कारकून

महसूल खात्यात माझी तेहेतीस वर्षे गेली, त्यांतली बरीच तालुक्याच्या ठिकाणी. मांडवीची लेक यांच्या अनुभवात मी एक भर घालतो.

एकदा एका वजनदार गृहस्थांनी आमच्या मामलतदारांना खोलीत येऊन सांगितले की अमुक जमिनीची फेरफार नोंद रद्द करा. ते कोणत्याही पदावर नव्हते, पण त्यांच्या एका निरोपाने बदल्या होत असत हे आम्हा सर्वांना माहीत होते. मामलतदारसाहेबांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, 'आपण एवढेच दोन ओळींत लिहून द्यावे, म्हणजे मी ते फाइलला लावतो.' गृहस्थ हसले आणि उठून गेले. ती नोंद तशीच राहिली आणि दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली.

पुढे मी हे अनेकदा पडताळून पाहिले. ज्याला अधिकार आहे तो लिहितो, सही करतो, तारीख घालतो, कारण उद्या कोणी विचारले तर उत्तर देण्याची त्याची तयारी असते. ज्याच्याकडे नुसती सत्ता असते त्याचा हुकूम तोंडी असतो, टेलिफोनवर असतो, किंवा 'साहेबांची इच्छा आहे' अशा आडवळणाने येतो. माझी स्वतःची सही ३१ मे रोजी संध्याकाळपर्यंत चालली, आणि १ जूनला तीच सही नुसती माझे नाव होती. याचे मला दुःख झाले नाही. ती कधीच माझी नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलेले होते.

तर्ककठोर

कारकूनसाहेब, आपला अनुभव मी मनापासून मानतो. पण लेखी असण्यालाच अधिकाराची खूण म्हणावे, तर २५ जून १९७५ ची आणीबाणीही लेखीच होती. राज्यघटनेचे कलम ३५२ होते, राष्ट्रपतींची सही होती, तारीख होती. पुढे संसदेने मान्यताही दिली. मग त्या एकवीस महिन्यांत जे झाले ते सत्तेने झाले की अधिकाराने?

रावपुरा

या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण त्या वर्षांत मी बडोद्यात विद्यार्थी होतो.

पण त्याच्या दीड वर्ष आधीपासून सुरुवात करावी लागेल. १९७२ च्या निवडणुकीत गुजरात विधानसभेच्या १६८ पैकी १४० जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. इतके बहुमत असलेल्या सरकारला काय धोका असणार? डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात खानावळीचे दर वाढले, तिथून ठिणगी पडली आणि महागाई व भ्रष्टाचार यांविरुद्धचे नवनिर्माण आंदोलन साऱ्या राज्यात पसरले. संचारबंदी लागली, गोळीबार झाले, माणसे मेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्चमध्ये विधानसभाच विसर्जित झाली. कायद्याने पाहिले तर त्या आमदारांना आणखी तीन वर्षे बसण्याचा पूर्ण अधिकार होता. पण त्यांतले अनेक जण आपल्याच मतदारसंघात तोंड दाखवू शकत नव्हते. खुर्ची होती, बहुमत होते, पोलीस होते, आणि तरी भाजीवालीसुद्धा त्यांचे ऐकायला तयार नव्हती. मी त्या गर्दीत होतो. त्या वयात मला वाटले की आम्ही सत्ता उलथवली. आज वाटते की सत्ता उलथवण्याइतके बळ आमच्यात नव्हते. तिच्यातला अधिकार आधीच निघून गेला होता, आणि उरलेली रिकामी चौकट आम्ही ढकलली.

या बाबतीत माझ्या मनात एक सल मात्र आहे. रस्त्यावरच्या गर्दीने निवडून दिलेली विधानसभा घालवावी, हेही अधिकाराने झाले असे मी म्हणू शकत नाही. जाळपोळ झाली तीही सत्ताच होती, आमची.

आता आणीबाणीकडे येतो. ती लागू झाली तेव्हा गुजरातेत बाबूभाई जशभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार नुकतेच आले होते, त्यामुळे मार्च १९७६ मध्ये ते सरकार जाईपर्यंत इतर राज्यांतली अनेक माणसे येथे आश्रयाला येत. एकच घटना, एकच कलम, एकच सही, पण बडोद्याच्या रस्त्यावर बोलता येत होते आणि दिल्लीच्या रस्त्यावर नाही. कागद खरा होता. पण जो कागद 'मला प्रश्न विचारू नका' असे सांगण्यासाठी काढला जातो, त्याला कारकूनसाहेबांच्या फाइलीतल्या सहीच्या रांगेत मी बसवणार नाही. साहेबांनी लेखी मागितले ते पुढे जाब देता यावा म्हणून. आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण घातले आणि न्यायालयांचे हात बांधले, ते जाब द्यावा लागू नये म्हणून. मार्च १९७७ मध्ये मतपेटी उघडली तेव्हा लोकांनी तो जाब विचारला.

फळा आणि खडू

रावपुरा यांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी. त्यात एकच जोडते. आपल्याकडे न्यायाधीशाचा अधिकार म्हटले की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाल्यावर त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरागत हकीकत आहे. दादांनी तर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रेही आणवली. म्हणजे फौज, शनिवारवाडा आणि रीतसर वस्त्रे, तिन्ही त्यांच्याकडे होती. तरीही बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, नारायणरावांच्या विधवेच्या पोटातल्या मुलाच्या नावाने कारभार चालवला, १८ एप्रिल १७७४ रोजी ते मूल जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला वस्त्रे आली. जुनी सत्ता, नवी सत्ता आणि विधी हे सारे एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात लोकांच्या मनात बसलेली खुनाची गोष्ट. तर्ककठोर यांच्या सिद्धान्तात या दुसऱ्या पारड्याला जागा नाही.

तर्ककठोर

जागा नाही, हे मान्य करतो. मी असा विचार करत होतो की मान्यता हीसुद्धा शेवटी भीतीतून किंवा सवयीतून येते. पण चाळीस दिवसांच्या बाळाला कोणी भीत नाही आणि त्याची कोणाला सवयही झालेली नसते. तेवढ्यापुरता मी माघार घेतो.

मात्र सुरसागर यांच्या दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणी बोललेले नाही. सयाजीरावांचे काय?

सुरसागर

तर्ककठोर यांनी मूळ प्रश्नाकडे आणले, आभारी आहे. माझ्यापुरते उत्तर मी असे जुळवत होतो. बारा वर्षांच्या गोपाळरावाला 'येथे कशाला आलास?' असे विचारले, तेव्हा तो 'राज्य करायला' म्हणाला, असे सांगतात. त्या दिवशी त्याला मिळाली ती इंग्रजांनी दिलेली जागा. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण राज्यकारभार हाती आला. त्यानंतर १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९०६ साली ते साऱ्या राज्यात लागू झाले, गावोगाव वाचनालये गेली. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे त्यांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून निघाले, त्यावरून केवढा गदारोळ झाला. ज्यांनी गादीवर बसवले त्यांची मर्जी गेली तरी ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्या मनातले स्थान ढळले नाही. म्हणून मला वाटत होते की मिळालेली सत्ता कामातून अधिकारात बदलता येते, आणि माझ्या व्याख्यानाचा शेवट मी तसाच ठरवला होता.

विश्वामित्रीकाठ

सुरसागर यांच्याविषयी आदर ठेवून मी हे लिहीत आहे, कारण त्यांचा शेवट मला पुरेसा वाटत नाही.

१९१३ साली सयाजीरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत आले. महालेखापालाच्या कार्यालयात त्यांची नेमणूक झाली. पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. हिंदू खाणावळींची दारे बंद होती, म्हणून एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी बाहेर पडायला सांगितले. ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनीही घरात घेतले नाही. रात्री नऊची मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आता पाहा, नेमणूक महाराजांची होती. हुकूम लेखी होता, कारकूनसाहेबांच्या कसोटीला उतरणारा होता. महाराजांचा अधिकार लोक मानत होते, तुमच्या कसोटीलाही तो उतरतो. आणि तरी त्या अधिकारी माणसाच्या हुकमाने आलेल्या अधिकाऱ्याला शहराने एक खोली दिली नाही. त्या काठ्यांमागे कोणते सरकार नव्हते, कायदा नव्हता, आणि तरी राजवाड्यापेक्षा त्यांची सत्ता अधिक होती. आपण या धाग्यात राजे, रेसिडेंट, पेशवे आणि मुख्यमंत्री मोजले. जातीची सत्ता कोणी मोजली नाही, कारण ती कोणत्याही दरबारात वस्त्रे घेऊन बसत नाही. आणि 'लोकांनी मानले' असे आपण म्हणतो तेव्हा ते लोक कोण? ज्याला शहरात पाणी प्यायला जागा नव्हती, त्याची मान्यता कोणी विचारली होती?

शब्दवेडा

मी वर लिहिले होते की मान्यता देणारा दुसरा कोणीतरी असावा लागतो. तो दुसरा कोण, हे मी विचारले नव्हते.

सुरसागर

दोन दिवस उत्तर लिहिले नाही, याबद्दल क्षमा असावी. विश्वामित्रीकाठ यांचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी कामाठीबागेत जाऊन बसलो. लहानपणापासून तिथे शेकडो वेळा गेलो आहे, पुतळा, प्राणी, झुकझुक गाडी, सारे पाहिले आहे. नऊच्या गाडीची वाट पाहत बसण्यासाठी तिथे कोणी आले होते हे माहीत असूनही कधी मनात आले नव्हते.

माझे पहिले वाक्य मी आता असे लिहिले आहे: 'सहा जणांच्या मंडळाकडून मान्यता मागून ती न मिळाल्यावर इंग्रज सरकारने मल्हाररावांना गादीवरून दूर केले.' सत्ता आणि अधिकार हे दोन्ही शब्द मी त्यातून काढले. आणि व्याख्यानाचा शेवट १८८१ किंवा १९०६ वर न करता १९१७ वर करणार आहे. महाराजांनी जो अधिकार कामाने मिळवला तो खरा होता असेच मी सांगेन, पण तो कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचला आणि कोठे थांबला तेही सांगेन.

मांडवीची लेक

विश्वामित्रीकाठ यांनी विचारलेला प्रश्न मी घरी घेऊन आले. आमच्या मंडळाच्या घटनेत सभासद होण्यासाठी गल्लीत स्वतःचे घर असावे अशी अट आहे. भाडेकरू वर्गणी देतात, त्यांच्या बायका पाच दिवस प्रसादाचे मोदक वळतात, त्यांची मुले ताशा वाजवतात, पण वार्षिक सभेत त्यांना मत नाही. मी वर अध्यक्षांविरुद्ध लिहिले, तेव्हा त्या सभेत कोण बसलेले असते याकडे माझे लक्ष गेले नव्हते. गेली पंधरा वर्षे मी स्वतः तिथे मत देत आले आहे. या जुलैच्या सभेत ती अट काढण्याचा ठराव मांडण्यासाठी मी काल अर्ज दिला. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

निवृत्त कारकून

तुमची गल्ली माझ्या ओळखीची आहे, माझे एक घर तिथे आहे आणि मी सभासदही आहे. अर्जाचा नमुना आणि सभेची तारीख कळवावी. अनुमोदक म्हणून माझे नाव लिहा, पूर्ण सहीनिशी देतो.